दोन दिवसांची पुडी

एक हजार कॅप्सूल मोजायला मला अकरा मिनिटं लागतात. ॲल्युमिनियमचं ताट, एक बोथट सुरी आणि पाच-पाचचे गट. फुशारकी म्हणून सांगत नाही. सातपूरच्या कामगारांच्या सरकारी दवाखान्यात औषधाच्या खिडकीमागे अठरा वर्षं उभं राहिल्यावर कोणालाही जमेल. माझा हुद्दा औषधनिर्माता. पगारपत्रकात तोच शब्द आहे. खिडकीपलीकडचा माणूस मात्र मला कंपाउंडर म्हणतो, आणि त्याची पाळी सुरू व्हायला दहा मिनिटं उरली असली की नुसतंच, "ओ खिडकी!"

मी नोकरीला लागलो तेव्हा खोकल्याचं आणि पोटाचं मिक्श्चर आम्ही हातानं तयार करायचो. रुग्ण आपापली बाटली घेऊन यायचे. कोणाची दारूची, कोणाची तेलाची, कशीही. ती विसळून घ्यायची, मिक्श्चर भरायचं आणि बाजूला डोसाच्या खुणा कापलेली कागदी पट्टी डकवायची. गोळ्या आणि कॅप्सूल मात्र मोठ्या बरणीतून मोजून, जुन्या कागदाच्या पुडीत बांधून द्यायच्या.

ही पुडी दोन दिवसांची असायची. कारणं तीन. दोन दिवसांनी रुग्ण परत आला की डॉक्टरला तो पुन्हा बघायला मिळतो. औषध बाहेर विकलं जात नाही. आणि साठा पुरतो. तिन्ही कारणं मला पटलेली होती. नियम पटला की तो पाळताना माणूस थोडा कडक होतो, तसा मी होतो. कोणी म्हणालं, "साहेब, चार दिवसांचं द्या ना, माझी रात्रपाळी लागलीय," तर मी मान वर न करता सांगायचो, "परवा या."

माझा अभिमान मात्र वेगळ्याच गोष्टीचा होता. साठ्याच्या नोंदवहीत एक रकाना असतो: मुदत संपलेली औषधे. त्या रकान्यात सलग सहा वर्षं मी एकच शब्द लिहीत आलो होतो: निरंक. आमच्याकडे औषध कधी फुकट गेलं नाही. तपासणीला आलेले साहेब ते पान बघून म्हणायचे, "देवरे, तुमचं काम चोख असतं." हे वाक्य मी घरी जाऊन बायकोला सांगायचो. तीही दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकायची.

निरंक राहायला युक्ती लागते, आणि ती युक्ती मीच काढली होती. आमच्या दोन्ही डॉक्टरांच्या टेबलांवर काच होती. त्या काचेखाली दर महिन्याच्या एक तारखेला मी एक चिठ्ठी सरकवायचो. कोणतं औषध भरपूर आहे, कोणतं बेताचं आहे, कोणतं नाही. आणि ज्याची मुदत जवळ आली आहे त्याच्यापुढे लाल शाईनं लिहायचो: 'वापरावे.'

मोठे डॉक्टर मराठे. माणूस प्रेमळ, हात हलका, इंजेक्शन दिलेलं कळायचं नाही. पण सकाळी आठ ते बारा या चार तासांत त्यांच्यासमोरून दीडशे माणसं जायची. दीडशे माणसांना तुम्ही चार तासांत तपासून दाखवा. समोर बसलेला म्हणणार, अंग दुखतंय, कणकण आहे. त्याला उद्या पाळीवर उभं राहायचंय. डॉक्टरांची नजर काचेवर पडणार, लाल शाई दिसणार, आणि लेखणी चालणार. टेट्रासायक्लिनची लाल-पिवळी कॅप्सूल रुग्णांनाही आवडायची. गोळी पांढरी असली की त्यांना वाटायचं, सरकारनं खडू दिला.

लाल शाईतली बहुतेक औषधं जंतू मारणारी, म्हणजे अँटिबायोटिक. सर्दी-पडशाला, अंगदुखीला त्यांचा काही उपयोग नाही, हे मी पदविकेच्या पहिल्या वर्षाला शिकलो होतो. परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. पण काय द्यायचं ते ठरवणं डॉक्टरांचं काम, मी मोजणारा. मी असं समजत होतो.

आमचे एक नातेवाईक दिंडोरीला द्राक्षं लावतात. नात्यानं माझे आतेभाऊ, वयानं मोठे, म्हणून मी त्यांना अण्णा म्हणतो. एका हिवाळ्यात ते थेट खिडकीवर आले.

"मुदत गेल्याल्या कॅपसुला हायेत का रे तुझ्याकडं?"

"कशाला, अण्णा?"

"द्राक्षावर मारतो की. पानावर ठिपकं पडत्यात. पाण्यात मिसळायच्या आन् पंपानं फवारायच्या. फेकण्यापरीस भावाला दे."

"आमच्याकडे मुदत गेलेलं औषध नसतंच," मी ताठ्यानं म्हणालो.

"नसतं? समदं माणसंच खात्यात?"

"हो."

"लय खात्यात मग तुमची माणसं," अण्णा म्हणाले आणि पिशवी झटकून निघून गेले. रांगेतली माणसं हसली. मीही हसलो. त्यात हसण्यासारखं काय होतं ते कळायला मला मार्च उजाडावा लागला.

फेब्रुवारी महिना होता. क्लोरॅम्फेनिकॉलची एक हजाराची शेवटची बरणी होती आणि तिची मुदत मार्चअखेर संपत होती. विषमज्वराला, म्हणजे टायफॉइडला, त्या काळी हेच खरं औषध. एरवी जपून वापरायचं, कारण फार क्वचित का होईना, ते एखाद्याच्या शरीरात रक्त तयार होणंच थांबवतं. टायफॉइडमध्ये ही जोखीम घ्यावी लागते. मी एक तारखेला चिठ्ठीवर लाल शाईनं लिहिलं: 'क्लोरॅम्फेनिकॉल, वापरावे.' वापरलं गेलं. बरणी भराभर उतरायला लागली.

महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात गांगुर्डे आपल्या बायकोला घेऊन आले. गांगुर्डे एका कारखान्यात टर्नर. मूळचे गावाकडचे, सातपूरच्या कामगार वसाहतीत एका खोलीत राहणारे. बायको शकुंतलाबाई, तिशीच्या आतबाहेर. आठ दिवस चढता ताप, जीभ पांढरी, डोळे अर्धे मिटलेले. मराठे डॉक्टरांनी नीट तपासलं, टायफॉइड म्हणून सांगितलं आणि कॅप्सूल लिहिली. एका वेळी दोन, दिवसातून चार वेळा. चौदा दिवस. म्हणजे दिवसाला आठ, एकूण एकशे बारा. मी नियमाप्रमाणे दोन दिवसांच्या सोळा दिल्या. तिसऱ्या दिवशी गांगुर्डे येऊन पुढच्या सोळा घेऊन गेले.

पाचव्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला ते पुन्हा आले. त्याच दिवशी सकाळी बरणीतली शेवटची कॅप्सूल एका हगवणीच्या रुग्णाला गेली होती. मी रिकामी बरणी धुऊन फळीवर उपडी घातली होती, आणि खरं सांगतो, खूश होतो. मुदतीच्या महिनाभर आधी निरंक.

"संपल्या," मी म्हणालो. "नवीन साठा एप्रिलमध्ये. बाहेरून घ्या."

गांगुर्डे घुटमळले. कपड्यांना कारखान्यातल्या तेलाचा वास होता. "कालपासून ताप नाय तिला. सकाळी दोन घास भात बी खाल्ला. मग लागतीलच का अजून?"

मराठे डॉक्टर पाच वाजताच गेले होते. दुसऱ्या डॉक्टर, खैरनारबाई, आत ड्रेसिंग करत होत्या. मी एवढंच म्हणायला हवं होतं की थांबा, बाईंना विचारून सांगतो. दहा पावलांचं अंतर. पण खिडकी बंद करायची वेळ झाली होती.

"ताप नाही ना? मग चालेल," मी म्हणालो.

ते "बरं" म्हणून निघून गेले. त्यांना माझ्या शब्दावर भरवसा होता, याचं मला त्या वेळी बरंच वाटलं.

दोन आठवड्यांनी, सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच, गांगुर्डे पायरीवर बसलेले दिसले. शकुंतलाबाईंना पुन्हा ताप. या वेळी जास्त. चार दिवसांपासून बोलत नव्हत्या, फक्त भिंतीकडे बघत होत्या. गांगुर्डे माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "साहेब, बाईंना जरा घरी चलायला सांगा ना. तिला उठवून आणायची हिंमत होत नाय."

खैरनारबाई आमच्याकडे नव्या होत्या. वय माझ्यापेक्षा लहान. चालणं झपाझप आणि बोलणंही तसंच. त्या त्याच पावली निघाल्या, मी बॅग घेऊन मागे. खोलीत बाबासाहेबांच्या तसबिरीखाली सतरंजीवर शकुंतलाबाई पडल्या होत्या. सासू उशाशी बसून पाण्याच्या पट्ट्या ठेवत होती. बाईंनी पोट दाबून बघितलं, शौचाचा रंग विचारला, पापणी ओढून बघितली.

"उलटलाय," त्या बाहेर येऊन म्हणाल्या. "टायफॉइड अर्ध्यावर सोडला की असा उलटतो. आतड्याला अजून काही झालेलं दिसत नाही. पण आज औषध सुरू व्हायला हवं. उद्या नाही, आजच. आतड्याला भोक पडलं तर मोठ्या हॉस्पिटलातही काही सांगता येत नाही. पहिल्या वेळी किती दिवस दिलं होतं?"

"चार दिवस," मी म्हणालो.

"चारच? का?"

तिथेच उकिरड्याच्या कडेला उभं राहून मी सांगितलं. बरणी संपली ते, आणि मी खिडकीतून 'चालेल' म्हणालो ते. गांगुर्डे जवळच होते, त्यांनीही ऐकलं.

बाईंनी पायांत चपला सरकवल्या. मग म्हणाल्या, "रागवायला मला सध्या वेळ नाही, देवरे. दुपारपर्यंत कॅप्सूल आणा. एकशे बारा. एकही कमी नको."

एवढ्या कॅप्सूल बाहेरून विकत घेणं गांगुर्ड्यांना परवडणारं नव्हतं. आधी नाशिकमधल्या दोन सरकारी दवाखान्यांना फोन लावले. दोन्हीकडे वर्षअखेरीचा खडखडाट. देवळाली कॅम्पला बाजारापलीकडे एक छोटा दवाखाना होता. तिथला शिंदे माझ्याबरोबर पदविकेला होता. अव्वल आळशी. मासिक बैठकीत मी निरंकचं पान दाखवायचो तेव्हा हा मागच्या बाकावर पेंगत असायचा. मी बसनं देवळालीला गेलो. शिंदेनं कपाट उघडलं. आत दीड बरणी क्लोरॅम्फेनिकॉल.

"एवढी कशी राहिली तुझ्याकडे?" मी विचारलं.

"कोणाला लागली नाही म्हणून राहिली. टायफॉइडचे रुग्ण आले नाहीत."

"मार्चअखेर मुदत संपतेय. मग काय करणार होतास?"

"काय म्हणजे? वहीत लिहायचं आणि जाळायचं." तो ताटावर कॅप्सूल ओतत म्हणाला. "तू निरंकवाला ना? आणि उसनं मागायला आळशाकडे आलास होय रे? मोज, तूच मोज, माझं चुकेल."

उसनवारीच्या चिठ्ठीवर सही करून मी एकशे बारा मोजून घेतल्या. शिंदेचे उपकार मी आजही मानतो. अर्थात त्याला तसं सांगितलं की तो पुन्हा सगळ्यांसमोर तोच किस्सा सांगतो.

आता प्रश्न पुडीचा. शकुंतलाबाई येऊ शकत नव्हत्या, गांगुर्ड्यांची पाळी बदलली होती, सासूला वाचता येत नव्हतं. दोन दिवसांची पुडी दिली तर चौदा दिवसांत सात खेपा. त्यातली एक चुकली की पुन्हा तेच. बाई म्हणाल्या, "सगळं एकदम द्या." मी म्हणालो, "नियम नाही, मोठ्या डॉक्टरांची सही लागेल." मराठे डॉक्टर आधी तडकले.

"अहो देवरे, एकशे बारा एकदम? उद्या त्या बाहेर विकल्या तर?"

खैरनारबाई म्हणाल्या, "सर, पहिल्याच दिवशी तिच्या नावाच्या एकशे बारा बाजूला काढल्या असत्या तर त्या दुसऱ्या कोणाला गेल्या नसत्या. आज ती बरी होऊन भाकऱ्या थापत असती."

"म्हणजे चूक माझी?"

"माझी," मी म्हणालो. "काचेखालची चिठ्ठी माझी."

मराठे डॉक्टरांनी काचेकडे बघितलं. मार्चची चिठ्ठी तिथेच होती, लाल शाईसकट. मग त्यांनी केसपेपर ओढून सही केली. "घ्या. ऑडिटनं विचारलं तर माझं नाव सांगा," ते म्हणाले. आणि लगेच पुढच्या रुग्णाला हाक मारली. ते किती दिवस त्या खुर्चीवर, त्या रांगेसमोर बसत आले होते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

सासूसाठी मी एक सोपा उपाय केला. आठ-आठ कॅप्सूलच्या चौदा पुड्या बांधल्या आणि एका जाड दोऱ्यात ओवल्या. रोज खालची एक पुडी तोडायची, आणि सकाळी, दुपारी, संध्याकाळी, झोपताना दोन-दोन कॅप्सूल द्यायच्या. दोऱ्याची ती माळ गांगुर्ड्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. किती उरल्या ते दारातून दिसायचं. म्हातारी म्हणाली, "हे बेस. आता मला कोणी इचारलं औषध दिलं का, तर भिंतीकडं बोट दाखवीन."

पुढचे चौदा दिवस मी रोज कामावर जाताना सायकल त्या वसाहतीतून नेली. दारातून माळ मोजायची. तेरा. बारा. अकरा. पाचव्या दिवशीही ताप होता. मी खैरनारबाईंना विचारलं, "औषध लागू पडत नाही का?" त्या म्हणाल्या, "थांबा." सहाव्या दिवशी ताप थोडा उतरला. सातव्या दिवशी दारातून आत बघितलं तर शकुंतलाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. केस पार विस्कटलेले, पण नजर भिंतीवर नव्हती, माझ्यावर होती. "रोज कोण येतंय ते बघत होते," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"माळ मोजायला येतो," मी म्हणालो.

"मोजा. सात हायेत."

याच पंधरवड्यातल्या एका रविवारी मी दवाखाना उघडून बसलो. संपलेल्या बरणीचा हिशेब मला घ्यायचा होता. महिन्याभराचे केसपेपर एका बाजूला, नोंदवही दुसऱ्या बाजूला. एक हजारांपैकी टायफॉइडसाठी गेलेल्या कॅप्सूल बत्तीस, आणि त्या बत्तीसच्या बत्तीस शकुंतलाबाईंना. उरलेल्या नऊशे अडुसष्ट एकशे एकवीस माणसांत वाटल्या गेल्या होत्या, प्रत्येकी आठ. हगवण, खोकला, गळू, अंगदुखी. दोघांच्या पेपरवर नुसतंच 'अशक्तपणा'. मग मी मागच्या वर्षीचे पेपर काढले. टेट्रासायक्लिनची मुदत ज्या महिन्यात संपत आली होती, त्या महिन्यात सातपुरात टेट्रासायक्लिन लागणारी माणसं दुपटीनं वाढली होती. एप्रिलमध्ये साठा बेताचा झाल्यावर ती आपोआप बरी झाली होती. आमच्याकडे आजार हवेनं वाढत नव्हते, माझ्या लाल शाईनं वाढत होते. हिशेब एका कॅप्सूलचाही न चुकता जुळला. जुळलेल्या हिशेबाची लाज वाटण्याची ती माझी पहिलीच वेळ.

सोमवारी ते आकडे मी दोन्ही डॉक्टरांपुढे ठेवले. मराठे डॉक्टरांनी ते दोनदा वाचले आणि स्वतःच्या हातानं काच उचलून चिठ्ठी काढली. त्यानंतर आम्ही तिघांनी तीन गोष्टी ठरवल्या. चिठ्ठीवर फक्त 'आहे' किंवा 'नाही' लिहायचं. अँटिबायोटिक लिहिलं की शेजारी एका शब्दात ते कशासाठी हेही लिहायचं, तो शब्द नसेल तर मी पेपर परत पाठवायचा. आणि जे औषध पूर्ण मुदत घ्यायचं आहे, ते पहिल्या दिवशीच पूर्ण, माळ करून द्यायचं.

सांगायला सोपं वाटतं. पहिल्याच आठवड्यात एक फोरमन खिडकीवर तणतणला. "सर्दीला लाल-पिवळी देत नाही म्हणजे काय? मी वर्गणी भरतो!" मी मिक्श्चर पुढे केलं. "हे तर गोड लागतं!" तो म्हणाला. गोड औषधानं बरं वाटणं त्याच्या हिशेबात बसत नव्हतं. मराठे डॉक्टरही कधी विसरायचे. मी पेपर परत पाठवला की आतून आवाज यायचा, "देवरे, तुम्ही डॉक्टर आहात की मी?" आणि दोन मिनिटांनी पेपर एक शब्द घेऊन परत यायचा. कधी तो शब्द 'न्यूमोनिया' असायचा. कधी औषधच खोडलेलं असायचं. ते मोठ्या मनाचे होते म्हणून हे चाललं. दुसरा कोणी असता तर माझी बदली झाली असती.

त्या वर्षी मार्चअखेर, सहा वर्षांनी पहिल्यांदाच, मुदत संपलेल्या औषधांच्या रकान्यात मी आकडा लिहिला. टेट्रासायक्लिन, दोनशे चाळीस. लिहिण्याआधी त्या मी तीनदा मोजल्या. तपासणीच्या साहेबांनी खुलासा मागवला. मी लिहिलं: 'ज्याला गरज होती त्याला दिले. गरज नसलेला कोणी सापडला नाही म्हणून उरले.' खैरनारबाई म्हणाल्या, वाक्य उलटं झालंय, साहेबांना कळणार नाही. मग तेच साध्या भाषेत लिहून दिलं. शेरा आला नाही. उलट पुढच्या वर्षी मासिक बैठकीत मला ते आकडे वाचून दाखवायला सांगितलं. नंतरच्या काही वर्षांत विभागातल्या कितीतरी दवाखान्यांत मी माळ कशी ओवायची ते शिकवून आलो. काहींनी ती चालू ठेवली, काहींनी मी बसमध्ये बसताच सोडली. दोरा कुठून आणायचा, हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला गेला, तितक्या वेळा औषधाबद्दलचा एकही विचारला गेला नाही.

अलीकडे खैरनारबाई सांगतात की पूर्ण चौदा दिवस घेऊनही या कॅप्सूलनं ताप न उतरणारे रुग्ण आता दिसू लागले आहेत. जंतू शिकले. अर्धी-अर्धी पुडी देऊन आपणच त्यांना शिकवलं. त्या शाळेत मीही सहा वर्षं मास्तर होतो, हे मला लपवायचं नाही. 'चालेल' या माझ्या शब्दावर किती गांगुर्डे निघून गेले असतील याची नोंद कोणत्याही वहीत नाही. मला एकच मिळाली, जी वाचली. इतकं नशीब मी मागितलंही नसतं.

शकुंतलाबाई बऱ्या झाल्यावर सहा महिन्यांनी स्वतः खिडकीवर आल्या. केस गळून पुन्हा आखूड उगवले होते. कडेवर दोन वर्षांचं पोरगं, नाक वाहतंय. डॉक्टरांनी नाकात टाकायचे थेंब आणि थोडं मिक्श्चर लिहिलं होतं. मी ते दिलं.

"आन् कॅप्सूल?" त्या म्हणाल्या.

"सर्दी आहे, वहिनी. कॅप्सूल लागत नाही."

"मला एकशे बारा दिल्या. पोराला आठ देता येईनात?"

"तुम्हाला टायफॉइड होता. याला नाही."

"म्हंजी होऊस्तवर थांबायचं?"

रांग हसायला लागली. मी समजावून सांगितलं. सर्दीचा जंतू कॅप्सूलला घाबरत नाही, आणि उगाच दिली तर उद्या खरी गरज पडेल तेव्हा औषध काम करणार नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पटलं असं काही दिसलं नाही.

"चार तरी?"

"एकही नाही."

"लय कंजूष झाला तुम्ही," त्या म्हणाल्या आणि बाटली पदराखाली घेतली. मागे उभ्या असलेल्या बाईला सांगितलं, "बघ बाई, याच माणसानं माझ्या घरी रोज सायकल आणली व्हती. आन् आता बघ." पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि तावातावानं निघाल्या. दवाखान्याला सात पायऱ्या आहेत. एकदाही कठडा न धरता त्या उतरल्या, आणि फाटकापर्यंत त्यांचा आवाज मला ऐकू येत होता.